घरातल्या माणसासाठी कोपर

वसईत कुठल्याही लग्नात जेवणं उरकत आली की कोणी ना कोणी माझ्या साडूच्या उजव्या भुवईकडे बघतं. भुवई मधोमध तुटलेली आहे, शेतातून पायवाट जावी तशी. "हे काय झालं होतं हो?" असं कोणी विचारलं की तो म्हणतो, "मस्कतला असताना ट्रॉली लागली." एवढं बोलून तो विचारणाऱ्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. मी मान खाली घालून डुकराच्या मटणाचं इंदेल आणि भात कालवत बसतो.

ती ट्रॉली म्हणजे मी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पाच बोटं उंच, आणि डोक्यावर आजही सगळे केस. नव्वदच्या दशकात तो मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगचा सुपरवायझर होता. त्याने माझा व्हिसा काढला आणि मला त्याच हॉटेलच्या लाँड्रीत चिकटवलं. गल्फमध्ये ज्याने व्हिसा काढला त्याचे उपकार सात जन्म फेडायचे असतात. आम्ही पडलो ख्रिस्ती, आम्हाला जन्म एकच. त्यामुळे सातही जन्मांचं एकाच जन्मात वसूल करायची त्याला घाई होती. स्टाफच्या बसमध्ये, चर्चच्या आवारात, खबूस रोटीच्या दुकानात, कोणीही भेटलं की तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "याला मी आणला." जणू मी विमानातून आलेला मिक्सर होतो.

मस्कतच्या हमरिया भागात एका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता. एका खोलीत ते तिघं, एका खोलीत आम्ही तिघं. हॉल, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं. दोन्ही घरी एकेक मुलगी. दोघी बहिणी एका किचनमध्ये, एकाच बाटलीतला मसाला वापरत, एकमेकींचं अर्धं वाक्य पुरं करत सुखाने नांदत होत्या. आम्ही दोघांनी मात्र फ्रिजचे कप्पे वाटून घेतले होते. एसी किती थंड ठेवायचा यावर आमची जी भांडणं झाली तेवढी दोन देशांत सरहद्दीवरून होत नसतील.

हॉटेलातही सुटका नव्हती. माझ्या लाँड्रीतून धुऊन गेलेल्या चादरी त्याच्या हातात जायच्या. डाग असला तर लाल पेन्सिलीने गोल करून परत पाठवायचा नियम होता. तो डाग नसतानाही गोल करायचा. एकदा मोठ्या मेजवानीच्या दिवशी त्याने उशांच्या खोळींची अख्खी ट्रॉली परत पाठवली. प्रत्येक खोळीवर एक लाल गोल, आत काही नाही. मी त्या खोळी पुन्हा धुतल्या, कारण आता त्यांना पेन्सिलीचे डाग पडले होते.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळण्यात मी हुशार आहे, माझं पोट बघून कोणीही सांगेल. पण माझ्या मुलीच्या फर्स्ट कम्युनियनची पार्टी होती, घरात वसईची वीस-पंचवीस माणसं होती. कोणीतरी माझ्या नव्या सुटाचं कौतुक केलं. साडू हातातला ग्लास वर करून म्हणाला, "सूट सोड. याच्या अंगातली बनियनसुद्धा माझ्या व्हिसावर आली आहे."

लोक हसले. मीही हसायला हवं होतं. मी म्हणालो, "व्हिसा तुमच्या बायकोने काढायला लावला. तुमचं तुमच्या घरात कधी चाललंय?"

या वाक्यावर कोणी हसलं नाही. तो उठला, मीही उठलो. माझा हात वर गेला. तो मारण्यासाठी की डोकं झाकण्यासाठी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. लोकांनी आम्हाला धरलं, केक कापायचा राहून गेला.

पाहुणे गेल्यावर बायकोने आमच्या खोलीचं दार लावलं. ती ओरडत नाही, म्हणूनच तिची भीती वाटते. म्हणाली, "ऐकून ठेव. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला थोरल्या बहिणीने वाढवलंय. तू त्याच्या अंगाला बोट लावलंस आणि ती माझ्याशी बोलायची थांबली, तर त्याच दिवशी हॉटेलच्या ऑफिसात ठेवून घेतलेला माझा आणि पोरीचा पासपोर्ट सोडवून आण. मी वसईला जाईन. मग तू आणि तुझा एसी."

"आणि त्याने मला मारलं तर?"

"तर मार खा."

त्या दिवसापासून साडू आणि मी बोलणं बंद केलं. दीड वर्ष. एका घरात. मीठ हवं असलं तर मी बायकोला सांगायचो, ती बहिणीला सांगायची, ती नवऱ्याला, आणि मग हातभर अंतरावरून मीठ यायचं. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारी. दर शुक्रवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसून आम्ही 'आमच्या ऋण्यांस जशी क्षमा करतो' असं म्हणायचो. मी ते ओठ न हलवता म्हणायचो.

मला मारायचं नव्हतं, एवढं खरं. बायको आणि पोर गेली असती तर मी त्या फ्लॅटमध्ये वेडा झालो असतो. पण मारता येतं, हे मला माहीत असायला हवं होतं. पिशवीत छत्री असली की पाऊस लागत नाही, तसं काहीतरी. मस्कतला तसाही पाऊस लागत नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

आमच्या हॉटेलच्या हेल्थ क्लबमध्ये एक थाई माणूस होता. दिवसभर पाहुण्यांच्या पाठी रगडायचा. मूळचा तो मुए थाई, म्हणजे त्यांचं हातापायांचं बॉक्सिंग, लढणारा, गावोगावच्या जत्रांत पोरवयापासून लढलेला. उंचीने माझ्या खांद्याला लागायचा, आणि नाक तीन वेगवेगळ्या दिशांना जाऊन परत आलेलं. दुपारी तीन ते पाच आमचा ब्रेक. त्या वेळात हॉटेलच्या बंद पडलेल्या स्क्वॉश कोर्टमध्ये तो स्टाफला शिकवायचा. त्यांच्याकडे मास्तराला 'क्रू' म्हणतात. आपल्या गुरूचाच तो कोणी चुलतभाऊ असावा. शनिवार, सोमवार, बुधवार अशी माझी बॅच. त्यात दोन केरळी आचारी, एक फिलिपिनो वेटर आणि मी.

पहिल्या दिवशी क्रूने मला पोटापासून सुरुवात करून वरपर्यंत पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कोणाला मारायचंय?"

मी म्हटलं, "कोणाला नाही. व्यायाम."

"पोट असलेला माणूस चाळिशीत व्यायामाला येत नाही. कोणाला?"

मी सदतीस वर्षांचा होतो. तरी खरं सांगितलं. "घरातला आहे."

तो गंभीर झाला. एकेक बोट दुमडत समजावू लागला, "लांब असेल तर लाथ. थोडा लांब असेल तर ठोसा. जवळ आला तर गुडघा. अगदी जवळ, तर कोपर." मग माझ्याकडे बघून मान हलवली. "घरातला. कोपर."

त्यांच्याकडे कोपराचे बरेच प्रकार आहेत. वरून खाली, खालून वर, आडवं. मला हवं होतं ते शेवटचं, 'सोक क्लप'. सोक म्हणजे कोपर, क्लप म्हणजे उलटं. समोरच्याच्या पुढ्यात डावा पाय आडवा टाकायचा, त्याच्याकडे चक्क पाठ करायची आणि गर्रकन फिरून उजव्या कोपराचं टोक त्याच्या तोंडावर आणायचं. ताकद हातात नसते, कंबरेत असते. मूठ आवळायची नाही, पंजा सैल छातीशी. समोरच्याला क्षणभर वाटतं, हा पळाला. मला हे फार आवडलं. मी पळतोय असं साडूला वाटणं अगदी साहजिक होतं.

पण क्रू शिकवेना. तीन महिने त्याने माझ्याकडून फक्त बचाव करून घेतला. "कोपर आधी स्वतःच्या डोक्यासाठी," तो म्हणायचा. हात कपाळावरून मागे न्यायचा, केस विंचरल्यासारखा, की कोपर आपोआप तोंडापुढे येतं. "विंचर, विंचर," असं तो ओरडायचा. मला विंचरायला काही नव्हतं, तरी मी विंचरत राहिलो. सुरुवातीला गुडघे टेकून गुरूला तीन वेळा वाकून नमस्कार करायचा असतो. त्यात मात्र मी पहिला आलो. गुडघे टेकण्याची प्रॅक्टिस मला बालपणापासून होती.

चौथ्या महिन्यात सोक क्लप सुरू झालं. पहिल्या दिवशी मी फिरलो आणि भिंतीला धडकलो. दुसऱ्या दिवशी फिरलो आणि क्रूऐवजी आचाऱ्याकडे तोंड करून थांबलो. मग लाँड्रीत, मळक्या चादरींची पोती आकड्याला टांगून मी सराव करू लागलो. एकेका पोत्याला मी मनातल्या मनात तेच एक तोंड लावायचो. माझ्या हाताखालचा बलुची प्रेसवाला बघायचा आणि म्हणायचा, "सेठ, चादर ने क्या बिगाडा?"

त्या दिवसांत दोन गोष्टी मला दिसल्या होत्या. मी जरा शहाणा असतो तर कळलं असतं. एक, स्क्वॉश कोर्टातल्या डोक्याच्या गार्डला आवळ्याच्या तेलाचा वास यायचा. तो ओळखीचा वाटायचा. मी वेटरला दोष देऊन मोकळा झालो. दुसरी, साडू अधूनमधून लंगडत घरी यायचा. एकदा आठवडाभर डाव्या हाताने जेवला. मेव्हणी म्हणाली, "जिन्यावर घसरला." मी खोलीत जाऊन गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले. त्याने माझी प्रार्थना ऐकली, आणि तीही हप्त्याहप्त्याने, असं मला वाटलं.

मग क्रूचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. शेवटच्या दिवशी त्याने दोन्ही बॅचेस एकत्र बोलावल्या. मी स्क्वॉश कोर्टचं बुटकं दार वाकून ओलांडलं, मान वर केली, तर समोर हाफ पँट घालून, हाताला पट्टी गुंडाळत माझा साडू उभा. रविवार-मंगळवारची बॅच. आवळ्याचं तेल.

तो मला बघून पांढरा पडला. मीही पडलो असणार, पण कोर्टच्या भिंती आधीच पांढऱ्या असल्याने फरक कळला नसावा. दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं. दोघांच्याही मनात एकच हिशेब चालला होता: हा हे कोणासाठी शिकला?

क्रूला सगळं माहीत होतं. स्टाफच्या बसमध्ये काय लपतं? तो शांतपणे म्हणाला, "दोघेही म्हणालात, घरातला. मी विचार केला, एकालाच शिकवलं तर दुसरा मरेल. दोघांना सारखं शिकवलं. आता कोणी मरणार नाही." आणि आम्हा दोघांची मानगूट धरून त्याने आम्हाला एकमेकांच्या गळ्यात अडकवलं.

त्यांच्याकडे अशी पकड असते. दोन्ही हातांनी समोरच्याची मान खाली ओढायची, कपाळाला कपाळ, आणि जागा मिळाली की गुडघा किंवा कोपर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन भाऊ फार दिवसांनी भेटले.

"नखं काप," साडू दातांतून म्हणाला. दीड वर्षानंतरचा त्याचा पहिला शब्द.

"तुझं तेल धू," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं होतं.

"कोणाला तू म्हणतोस?"

"ज्याच्या व्हिसावर माझी बनियन आली त्याला."

त्याने मान खाली ओढली. माझ्या बरगडीत त्याचा गुडघा बसला, फार जोरात नाही, पण हिशेबाने. "आभाळातून नाही पडलास. आणला म्हणून आलास."

"मग आणलास कशाला? रोज ऐकवायला?"

"तिकडे तुझी बायको फोनवर रडत होती. इकडे माझी रडत होती. दोघींच्या रडण्यात माझं डोकं उठलं होतं, म्हणून आणला. मला तुझी हौस नव्हती. तेव्हाही नव्हती."

"मलाही नव्हती. घर सोडून तुझ्या चादरी धुवायची."

"धुतोस कुठे? ओल्या करून देतोस."

लाँड्रीला बोलला. मला बोलला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. क्रू "ब्रेक" म्हणाला, आम्ही सुटलो, एक पाऊल मागे झालो. क्रूने टाळी वाजवली. माझा डावा पाय आपोआप आडवा पडला. मी साडूकडे पाठ केली. तो हसलेला मला ऐकू आला. त्याला वाटलं, मी पळतोय. मग कंबर फिरली. दीडशे चादरींच्या पोत्यांवर जे एकदाही धड जमलं नव्हतं, ते त्या एका वेळी जमलं.

आवाज फार झाला नाही. साडू उभाच होता. भुवईतून रक्ताची धार गालावर, गालावरून बनियनवर आली. आणि मी, ज्या क्षणाची दीड वर्ष वाट पाहिली त्या क्षणी, पहिली गोष्ट काय बोलावी? "गार पाणी आणा. गरम नको, रक्त पक्कं बसतं."

"मी चादर नाहीये," साडू म्हणाला आणि खाली बसला.

क्रूने जखम दाबून धरली. माझ्याकडे बघून त्याने नुसती भुवई उडवली. विद्यार्थी पास झाल्याचा आनंद आणि विद्यार्थी गाढव असल्याची खात्री, दोन्ही त्यात होतं. मला मात्र समोर भिंत दिसत नव्हती. बायकोची सुटकेस दिसत होती.

जवळच्या रुवी भागातल्या क्लिनिकमध्ये चार टाके पडले. टॅक्सीत आम्ही मागे बसलो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. शेवटी तो म्हणाला, "घरी काय सांगायचं?"

मी आश्चर्याने पाहिलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तुला एकट्यालाच सुटकेस दाखवलीय असं वाटतं की काय?"

म्हणजे मेव्हणीनेही त्याला तेच बजावलं होतं. धाकटीच्या नवऱ्याला हात लावलास तर मी पोरीला घेऊन माहेरी. दोघींनी एकाच दिवशी, भिंतीच्या दोन बाजूंना, एकच वाक्य म्हटलं होतं.

"ट्रॉली लागली म्हणू," मी म्हटलं.

"ठीक. लाँड्रीची ट्रॉली. तुमची चाकं खराब असतात."

"लाँड्रीची कशाला? हाऊसकीपिंगची. तुमची पोरं वेड्यासारखी ढकलतात."

"माझी पोरं ट्रेनिंग घेतलेली आहेत."

"माझी चाकं गेल्या महिन्यात बदललीत."

टॅक्सीवाला ओमानी म्हातारा आरशातून बघून म्हणाला, "खलास, खलास," म्हणजे पुरे आता. आम्ही आपापल्या खिडकीकडे तोंड फिरवलं. ट्रॉलीवर एकमत झालं आहे, असं मी धरून चाललो. त्यानेही तसंच धरलं. दोघांनी आपापली ट्रॉली धरली.

घरात शिरताच मेव्हणी भुवईची पट्टी बघून किचनमधून धावत आली. हाताला पापलेटचे खवले. साडूने सांगितलं, "काही नाही गं. कॉरिडॉरमध्ये लाँड्रीची ट्रॉली लागली." त्याच वेळी मी आमच्या खोलीत बायकोला सांगत होतो, "लिफ्टमध्ये. हाऊसकीपिंगची ट्रॉली."

मिनिटभराने दोघी बहिणी हॉलमध्ये समोरासमोर आल्या. त्यांना विचारावं लागलं नाही, नुसतं एकमेकींकडे बघितलं. बायको माझ्याकडे वळली. "शर्टाची बाही वर कर."

कोपराचं टोक सोललेलं होतं.

मेव्हणी नवऱ्याला म्हणाली, "आणि तुझी पँट वर कर." त्याच्या नडगीवर गुडघ्यापर्यंत जुने काळेनिळे डाग होते, महिन्या-महिन्याचे. जिन्यावर एवढं घसरायला कुतुबमिनार लागला असता.

त्या दोघी आत गेल्या आणि दार लावलं. आम्ही हॉलमध्ये सोफ्यावर बसलो. टीव्ही लावायची दोघांची हिंमत झाली नाही. खालच्या दुकानात टायरमध्ये हवा भरायचा आवाज येत होता. मी मनात तारखा मोजत होतो: ऑफिस शनिवारी उघडणार, पासपोर्ट सोडवायला दोन दिवस, तिकीट. पोरीचं शाळेचं वर्ष मध्येच तुटणार. ती जाताना मागे वळून बघेल की नाही, इथपर्यंत माझा विचार गेला. शेजारी साडूही बोटांवर काहीतरी मोजत होता. त्याचं तोंड बघवत नव्हतं, आणि त्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं नाही.

अर्ध्या तासाने दार उघडलं. दोघींच्या हातात एकेक बॅग होती. मी उठून उभा राहिलो.

बायकोने बॅग माझ्या पायाशी ठेवली. तिच्यातून माझी लुंगी डोकावत होती.

"मी म्हटलं होतं, मी जाईन," ती म्हणाली. "मग आम्ही विचार केला, आम्ही का जायचं?"

मेव्हणी म्हणाली, "आम्ही दोघी इथे राहतो. पोरी इथे राहतात. तुम्ही दोघं स्टाफ क्वार्टर्सला जा. क्वार्टर्स बघणाऱ्या तुमच्या कॅम्प बॉसला मी फोन केलाय, स्क्वॉश कोर्टचं सगळं त्यानेच सांगितलं. एक खोली रिकामी आहे."

"एकच?" आम्ही दोघे एकदम म्हणालो.

"शिकलात ना जवळून भांडायला? राहा जवळ."

"किती दिवस?" साडूने विचारलं.

"कोपरं मऊ होईपर्यंत."

ती मऊ व्हायला सात महिने लागले. खोलीत एकावर एक असे दोन पलंग. तो मोठा म्हणून खाली, मी वर. वरून मी कूस बदलली की खालून लाथ यायची. एसी एकच, त्याचं बटण त्याच्या उशाशी. क्वार्टर्सच्या चादरीही माझ्याच लाँड्रीत धुतल्या जायच्या. एकदा माझ्या पलंगावरची चादर मला मधोमध लाल गोल करून मिळाली. मी ती तशीच अंथरली आणि त्या गोलावर झोपलो. आम्ही आता बोलत होतो. पण जे बोलत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी मात्र चर्चनंतर फ्लॅटवर जेवायला जायची मुभा होती. एकाच टॅक्सीने आम्ही जायचो. दारात दोघी उभ्या असायच्या. बायको त्याची भुवई तपासायची, मेव्हणी माझं कोपर. नवी जखम नसेल तरच आत. पोरी मागून इंग्रजीत कुजबुजायच्या आणि खिदळायच्या. समोरासमोर बसायला आम्हाला बंदी होती, म्हणून टेबलाच्या एका बाजूला आम्हा दोघांना शेजारी बसवत. तो डाव्या बाजूला, मी उजव्या. तो उजव्या हाताने जेवायचा आणि माझं डावं कोपर टेबलावर टेकलेलं असायचं, नेमकं तिथे.

पहिल्याच शुक्रवारी मेव्हणीने सुरमईचं कालवण वाढलं. त्याने घास उचलला, त्याचा हात माझ्या कोपरावर आपटला, रस्सा त्याच्या शर्टावर सांडला.

"कोपर आत घे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी घेतलं नाही.